डोंगरावरचे घर कुणाला परवडते?



मुळशी तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे. तेथे संगणकाच्या कंपन्या आल्या, रोजगार आला. आणि जमिनीचा भाव असा चढला की, गावच्याच तरुणाला वेगळे बिऱ्हाड थाटणे जड जाऊ लागले. मग कोणी म्हणतो, ‘पश्चिमेला एवढे डोंगर मोकळे पडलेत. सरकारने निर्बंध उठवावेत, म्हणजे घरं स्वस्त होतील.’ ऐकायला हे पटते. पण तसे खरोखर होते का? याचा दाखला आपल्याच भागात आहे.

राज्य शासनाने 1996 साली गिरिस्थानांसाठी खास नियम केले. 2001 साली मुळशी व वेल्हे तालुक्यांतील 18 गावांचे क्षेत्र त्यासाठी जाहीर झाले, आणि मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी ‘लवासा’ उभे राहू लागले. पर्यावरणाची मंजुरी नाही म्हणून नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविले. पुढे नोव्हेंबर 2011 मध्ये पहिल्या टप्प्याला अटींवर मंजुरी मिळाली. पण कर्जाचा डोंगर वाढला होता, आणि ऑगस्ट 2018 मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. पैसे भरलेले कित्येक लोक घराची वाट पाहत राहिले.

आता कारण पाहू. उतारावर घर बांधायचे म्हणजे आधी डोंगर कापा, मग माती धरून ठेवायला भिंत घाला. पाणी खाली, माणसे वर. म्हणजे ते पंपाने चढवा. सांडपाणी शुद्ध करा, नाहीतर ते धरणात उतरणार; आणि वरसगावचे पाणी खडकवासल्यामार्गे पुणेकरांच्या घागरीत जाते, बरं का! जमीन स्वस्त मिळाली तरी हा सारा खर्च घराच्या किमतीत येतोच. अशी घरे सुट्टीला येणाऱ्यांना परवडतात. रोज कामावर जाणाऱ्याला नव्हे.

मग पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रात आपले घर बांधताच येणार नाही का? ही भीती गावोगाव आहे. केंद्राने 31 जुलै 2024 रोजी याचा सहावा मसुदा काढला. त्यात 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या नव्या बांधकामांना, तसेच 50 हेक्टर व त्यापुढच्या नव्या वसाहतींना मनाई सुचविली आहे. राहत्या घराची दुरुस्ती वा वाढ करण्यास आडकाठी नाही, आणि जमिनीची मालकीही बदलत नाही. शेतकऱ्याच्या चार खोल्या आणि बिल्डरचे शहर, यांत हा फरक आहे.

गावकऱ्याची खरी गरज वेगळी आहे. कुटुंबे वाढली, गावठाण मात्र तेवढेच राहिले. म्हणून ग्रामसभेने गावठाणवाढीचा ठराव करावा, घरकुलाच्या यादीवर लक्ष ठेवावे. कामाच्या गावाजवळ भाड्याची साधी घरे व्हावीत, हीही मागणी लावून धरावी. डोंगर फोडून ती भागत नाही.

आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाने ‘डोंगरात प्लॉट घेऊ का?’ म्हणून विचारले, तर त्याला सांगा: सातबारा पाहा, जमिनीला बिगरशेती वापराची मुभा आहे का ते पाहा, वनजमीन तर नाही ना ते तलाठ्याकडे विचारा, इमारत असेल तर महारेराची नोंद पाहा. यांतला एकही कागद कमी असला, तर बयाणा देऊ नका.

गुरुजींनी मुलांकडून गावचा नकाशा काढून घ्यावा. ओढे कोठे उगम पावतात, उतार किती, गावठाण कोठे वाढू शकेल, हे त्यात मांडावे. तो नकाशा ग्रामसभेच्या भिंतीवर लावला, तर पुढचा ठराव करताना मोठ्या माणसांना तो उपयोगी पडेल.