मेंदूविकारग्रस्त श्वानांतील भूल व तिचे दुष्परिणाम : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत माणिकडोह, येडगाव, डिंभे इत्यादी धरणांमुळे उसाचे क्षेत्र वाढले आणि त्या उसात बिबट्या स्थिरावला. २००१ ते २००३ या काळात येथील मानव-बिबट्या संघर्ष तीव्र झाला. पुढे माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रामुळे भुलीचे इंजेक्शन ही गोष्ट येथील शेतकऱ्यांच्या बोलण्यात रुळली. विहिरीत पडलेल्या बिबट्याला मात्र सहसा भूल न देता पिंजरा किंवा बाज सोडून वर काढतात. गुंगी आलेला प्राणी पाण्यात बुडतो.

बिबट्यासाठी प्रामुख्याने वापरली जाणारी केटामिन व झायलाझिन ही औषधजोडी गावातील कुत्र्याच्या नसबंदीतही सर्रास वापरली जाते. निरोगी प्राण्यात ती बहुधा सुरक्षित ठरते. प्रश्न उभा राहतो तो मेंदू आधीच आजारी असेल तेव्हा.

औषधांचे कार्य

कवटी ही न ताणणारी पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त व मस्तिष्कद्रव यांपैकी एकाचे आकारमान वाढले, तर इतरांना जागा सोडावी लागते. तसे न झाल्यास आतील दाब वाढतो. गाठ, सूज किंवा डोक्याला मार असलेल्या कुत्र्यात ही सवलत आधीच संपलेली असते. झायलाझिनमुळे हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब प्रथम चढतो व नंतर उतरतो आणि कुत्र्याला अनेकदा उलटी होते. उलटीच्या जोराने कवटीतील दाब क्षणभर उसळतो. परंतु खरा धोका याहून शांत असतो. गुंगीत श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, त्यामुळे मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दाब चढत जातो. बाहेरून प्राणी मात्र स्वस्थ झोपलेला दिसतो.

केटामिनची रीत निराळी आहे. त्यात डोळे उघडे राहतात, स्नायू ताठरतात, लाळ गळते. एकटेच दिल्यास झटकेही येऊ शकतात. म्हणून त्याला झायलाझिन किंवा डायझेपामची जोड देतात. कवटीतील दाब वाढला असता केटामिन वर्ज्य, असा दंडक दीर्घकाळ पाळला गेला. श्वासोच्छ्वास नियंत्रित असेल तर हा धोका पूर्वी मानला जाई तितका नाही, असे आता दिसून येते. तथापि नियंत्रित श्वासोच्छ्वासाची सोय उसाच्या बांधावर नसते, हे येथे विसरून चालणार नाही.

असाच दुसरा दंडक ॲसेप्रोमॅझिनचा. अपस्माराच्या कुत्र्याला ते देऊ नये, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूर्वी झटके आलेल्या ३६ कुत्र्यांना ते गुंगीसाठी दिल्याचे आढळले. त्यानंतरच्या १६ तासांत एकालाही झटका आला नव्हता. संख्या लहान आहे. परंतु पुस्तकातील इशारा व प्रत्यक्ष पुरावा यांतील अंतर तिने दाखवून दिले. याउलट, अपस्मारावर फेनोबार्बिटोन चालू असलेल्या कुत्र्याची शस्त्रक्रियेच्या सकाळची मात्रा उपाशीपोटाच्या नियमाखाली चुकवणे, ही साधी वाटणारी गोष्ट अधिक घातक ठरू शकते.

औषध की आजार?

भूल उतरताना कुत्र्याला झटके आले, तर ते केटामिनचे की मूळ विकाराचे? डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगात जबड्याचे चघळल्यासारखे झटके व पायाचे लयबद्ध आचके दिसतात. आचके तर झोपेतही थांबत नाहीत. लाळ गळणे रेबीजमध्येही असते आणि केटामिनमध्येही. मालक नसलेल्या कुत्र्याचा पूर्वेतिहास कोणी सांगू शकत नाही. अशा वेळी औषधाच्या परिणामाला ‘पिसाळला’ असे नाव पडते आणि कुत्र्याच्या जिवावर बेतते. उलट, खऱ्या रेबीजला भुलीचा परिणाम समजले, तर हाताळणाऱ्या माणसाच्याच जिवाशी गाठ पडते. म्हणून भुलीपूर्वीची चाल, मानेचा कल, डोळ्यांच्या बाहुल्या व वर्तन यांची नोंद कितीही घाई असली तरी टाळता येत नाही. तीच नोंद पुढे तुलनेस उपयोगी पडते.

हा प्रश्न कुत्र्यापाशी थांबत नाही. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यातील एका अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनापैकी ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा आढळला. कुत्र्यांतील डिस्टेंपरचा विषाणू मोठ्या मार्जारांना होतो, हे २०१८ साली गीरमधील सिंहांच्या मृत्यूंनी दाखवले. त्यामुळे दिवसाढवळ्या वस्तीत भरकटलेला, माणसाला न बुजणारा बिबट्या केवळ धीट असेल असे गृहीत धरून त्याला नेहमीची मात्रा देणे धोक्याचे ठरू शकते.

उताऱ्याबाबतही तीच दक्षता लागते. योहिंबिन किंवा ॲटिपॅमेझोल झायलाझिनचा परिणाम उलटवते, केटामिनचा नाही. उतारा घाईने दिला, तर शरीरात केटामिन एकटेच उरते. प्राणी ताठरतो, धडपडतो आणि प्रसंगी झटके येतात. आधीच विकृत असलेल्या मेंदूत ते आवरणे कठीण होते. केटामिनचा अंमल ओसरेपर्यंत प्राण्याला अंधारात, आवाजापासून दूर ठेवावे लागते, आणि बिबट्या पकडल्यावर सभोवती जमणाऱ्या गर्दीत नेमके हेच साधत नाही.