विणण्याआधीच तयार झालेली साडी

गुजरातमधल्या पाटणच्या पटोल्याची गोष्ट आपल्या जालन्यापासून सुरू होते. बाराव्या शतकातला सोलंकी राजा कुमारपाल पूजेला रोज नवा पटोला नेसायचा, आणि तो यायचा जालन्याहून. पुढे त्याच्या कानावर आलं, की तिथला राजा हे पटोले आधी स्वतःच्या पलंगावर अंथरतो आणि मग विकतो. वापरलेलं वस्त्र देवापुढे कसं चालेल? कुमारपालानं 700 साळवी विणकर कुटुंबंच पाटणला आणून वसवली म्हणतात. ही झाली दंतकथा. आज पाटणात अस्सल पटोला विणणारी घरं मात्र बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

पैठणीत नक्षी विणता विणता उमटते. पटोल्यात ती मागावर चढण्याआधीच धाग्यांवर असते. उभे आणि आडवे, दोन्ही रेशमी धागे नक्षीच्या हिशोबानं सुती दोऱ्यानं जागोजागी करकचून बांधायचे, रंगात बुडवायचे, काही गाठी सोडायच्या, नव्या मारायच्या, पुन्हा दुसरा रंग. महिनेच्या महिने यातच जातात.

माग एका बाजूला कललेला, आणि त्यावर एका वेळी दोघं बसणार. दिवसाकाठी जेमतेम आठ-नऊ इंच कापड होतं. वीतभर विणून झालं की ताण सैल करतात आणि सुईच्या टोकानं धागा न् धागा सरकवून लालावर लाल, हिरव्यावर हिरवा आणून बसवतात. हे नाही केलं तर हत्तीची सोंड विस्कटलीच म्हणून समजा. पटोल्याची किंमत लाखांत का, याचं उत्तर माझ्या मते या सुईपाशी आहे.

नक्षीला तिकडे ‘भात’ म्हणतात. नारीकुंजरमध्ये बाई आणि हत्ती, पानभातमध्ये पिंपळपान. बोहरा समाजाला वस्त्रावर माणसं-प्राणी नको असत, म्हणून त्यांच्या पसंतीची व्होरागजी निव्वळ भौमितिक आकृत्यांची. डच व्यापाऱ्यांनी इंडोनेशियात नेलेले पटोले तर तिथल्या राजघराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले.

राजकोटचा पटोला बहुतेक एकेरी असतो, म्हणजे फक्त आडवे धागे बांधून रंगवलेले. तोही हातमागाचाच आणि देखणाही, पण त्याला पाटणचा भाव देऊ नका. दुकानात पदराच्या टोकाचे न विणलेले धागे नीट बघा. ते सगळे एकाच रंगाचे असतील, तर साडी दुहेरी नाही.