आयकराचा परतावा : खर्चावा, फेडावा की साठवावा?

श्रावण संपत आला, की पगारदार माणसाच्या घरात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक गणपतीची आणि दुसरी आयकराच्या परताव्याची. जुलैअखेर विवरणपत्र भरून झालेले असते. मग एखाद्या सकाळी 'आपल्या खात्यात रक्कम जमा झाली आहे' असा संदेश मोबाइलवर येतो आणि घरात चर्चा सुरू होते. मुलाला नवा मोबाइल हवा असतो, स्वयंपाकघरातला मिक्सर कुरकुरत असतो, दिवाळीत कोठेतरी जाऊन यावे असा विचार कित्येक महिने रेंगाळलेला असतो. निर्णय होण्याआधीच निम्मी रक्कम मनातल्या मनात खर्च झालेली असते.

हा अनुभव सार्वत्रिक आहे. अर्थशास्त्राने त्याची नोंदही घेतली आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे त्यांची 'मानसिक हिशेबा'ची मांडणी हे एक प्रमुख कारण होते. रुपया कोठूनही आला तरी त्याची किंमत सारखीच असते. पण माणूस मात्र पगाराचा रुपया एका कप्प्यात आणि अवचित आलेला रुपया दुसऱ्या कप्प्यात ठेवतो. पगाराचा रुपया जपून वापरला जातो, दुसरा सढळ हाताने खर्च होतो. करपरताव्याला हा नियम लागू करताना मात्र एक मूलभूत चूक होते. हा पैसा अवचित आलेला नसतोच. तो वर्षभर पगारातून जास्तीचा कापला गेलेला, आपल्याच कष्टाचा पैसा असतो.

पैसा आला कोठून?

समजा, ठाण्यात राहणाऱ्या एका कर्मचाऱ्याचा वार्षिक पगार १० लाख ३० हजार रुपये आहे. घरासाठी कर्ज घेतले असल्याने त्याने आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या आरंभी कंपनीला जुनी करप्रणाली कळवली. गृहकर्जाचे व्याज आणि नेहमीच्या वजावटी धरूनही कंपनीने वर्षभरात सुमारे ४० हजार रुपये 'टीडीएस' कापला. विवरणपत्र भरताना त्याच्या लक्षात आले, की नव्या प्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि त्या वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलत मिळून कर शून्यावर येतो. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला विवरणपत्र मुदतीत भरताना प्रणाली बदलता येते. त्याने ती बदलली आणि कापलेले सर्व ४० हजार परत मिळण्यास तो पात्र ठरला.

परताव्याची कारणे घरोघरी वेगळी असतात. कोणी भाड्याच्या पावत्या कंपनीकडे वेळेत दिलेल्या नसतात, कोणाच्या मुदत ठेवीच्या व्याजावर बँकेने कर कापलेला असतो, कोणी आगाऊ कर जास्त भरलेला असतो. कारण कोणतेही असले, तरी अर्थ एकच. सरकारने करदात्याला काही दिलेले नाही, त्याचेच त्याला परत केले आहे.

व्याज मिळते, पण पूर्ण काळाचे नाही

१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम २४४ ए नुसार परताव्यावर दरमहा अर्धा टक्का सरळव्याज मिळते. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला हाच कायदा लागू आहे. विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर 'टीडीएस'च्या परताव्यावरील हे व्याज १ एप्रिलपासून मोजले जाते आणि महिन्याचा अंशही पूर्ण महिना धरला जातो. मुदतीनंतर विवरणपत्र भरले, तर ते भरल्याच्या तारखेपासूनच मोजणी होते. परताव्याची रक्कम निश्चित झालेल्या कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर व्याज मिळत नाही.

वरील उदाहरणातील परतावा सप्टेंबरमध्ये मंजूर झाला, तर सहा महिन्यांचे ३ टक्के, म्हणजे १२०० रुपये व्याज मिळेल. एकूण रक्कम झाली ४१ हजार २०० रुपये. मात्र मागील एप्रिलपासून दरमहा कापल्या गेलेल्या पैशावर त्या वर्षभराचे व्याज कोणीही देत नाही. शिवाय मूळ परतावा करमुक्त असला, तरी त्यावरील व्याज हे 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' ठरते. ते पुढील विवरणपत्रात दाखवावे लागते. विभागाच्या वार्षिक माहिती विवरणात त्याची नोंद असते, त्यामुळे 'विसरलो' ही सबब चालत नाही.

खर्चापूर्वी खातरजमा

रक्कम जमा झाली की प्रथम कलम १४३(१) अन्वये आलेली सूचना वाचावी. मागितलेला आणि मिळालेला परतावा यांत फरक असेल, तर त्याचे कारण तेथे दिलेले असते. एखाद्या जुन्या वर्षाची थकबाकी असेल, तर कलम २४५ नुसार आधी कळवून ती परताव्यातून वळती करता येते. ही थकबाकी मान्य नसेल, तर तसे मुदतीत कळवणे आवश्यक असते.

परतावा अडकण्याची कारणे बहुधा साधी असतात. विवरणपत्र भरल्यानंतर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. परतावा आधी वैध करून घेतलेल्या बँक खात्यातच जमा होतो. हे लक्षात घेऊनच ठग याच हंगामात 'आपला परतावा मंजूर झाला आहे, दुव्यावर टिचकी द्या' असे संदेश पाठवतात. आयकर विभाग परताव्यासाठी पिन, पासवर्ड वा कार्डाचा क्रमांक विचारत नाही, हे घरातील ज्येष्ठांनाही सांगून ठेवलेले बरे.

पहिला मान महागड्या कर्जाचा

आता मुख्य प्रश्न. आपल्या उदाहरणातील कुटुंबाने जूनमध्ये शाळेची फी क्रेडिट कार्डावर भरली आणि १८ हजार रुपये थकले, असे मानू. कार्डावर दरमहा साडेतीन टक्के आकारणी असेल, तर ६३० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून दरमहा सुमारे ७४३ रुपये जातात. वर्षाला ही रक्कम जवळजवळ नऊ हजारांवर पोहोचते. हेच १८ हजार साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले, तर वर्षाला जेमतेम ११७० रुपये मिळतील.

एका हाताने ठेव ठेवायची आणि दुसऱ्या हाताने कार्डाचे व्याज भरायचे, हा व्यवहार अनेक सुशिक्षित घरांतही चालतो, कारण ठेव दिसते आणि व्याज दिसत नाही. कार्डाची थकबाकी फेडण्याइतका खात्रीचा लाभ देणारी दुसरी गुंतवणूक सामान्य माणसाला सहसा सापडणार नाही. त्यानंतर वैयक्तिक कर्ज आणि हप्त्यावर घेतलेल्या वस्तूंची कर्जे येतात. तेथे मुदतपूर्व फेडीचे शुल्क किती, हे आधी विचारावे.

घरातील गंगाजळी

दुसरा क्रमांक संकटकाळासाठीच्या निधीचा. नोकरी गेली, घरात कोणी आजारी पडले, तर किमान तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. एका परताव्यातून तो उभा राहणार नाही. पण सुरुवात होऊ शकते. हा पैसा शेअर बाजारात नको आणि दीर्घ मुदतीत अडकलेलाही नको. बचत खाते किंवा सहज मोडता येणारी ठेव पुरेशी आहे.

तो एकाच बँकेत असावा का, याचे उत्तर महाराष्ट्राला २०१९ मध्ये मिळाले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना आरंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा उरली. फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. तरीही विम्याचे पैसे हाती येईपर्यंत घर चालवावे लागतेच. संकटकाळचा निधी दोन बँकांत विभागून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

याच पंक्तीत आरोग्य विमा येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी रद्द झाला आहे. आधीपासूनच्या आजारांसाठी कमाल तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ असू शकतो. त्यामुळे आई-वडिलांचा विमा 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणणे महागात पडते. प्रतीक्षेची घड्याळे हप्ता भरल्यानंतरच सुरू होतात.

गृहकर्ज की गुंतवणूक?

वरील गरजा भागल्या असतील, तरच हा प्रश्न उद्भवतो. वीस वर्षांच्या मुदतीचे, साडेआठ टक्क्यांचे २५ लाखांचे नवे कर्ज असेल, तर मासिक हप्ता सुमारे २१ हजार ७०० रुपये बसतो. अगदी आरंभी ४० हजार रुपये जादा भरून हप्ता तोच ठेवला, तर अखेरचे जवळजवळ दहा हप्ते कमी होतात. म्हणजे मूळ ४० हजार वजा जाता सुमारे १ लाख ७० हजार रुपयांचे व्याज वाचते. व्यक्तींच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर बँकांना मुदतपूर्व फेडीचे शुल्क लावता येत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यांना स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजावर वजावट मिळत नसल्याने, त्यांच्यासाठी ही फेड अधिकच लाभाची ठरते. जादा रक्कम भरताना 'हप्ता नव्हे, मुदत कमी करा' असे बँकेला लेखी कळवणे मात्र विसरू नये.

निवृत्ती दूर असेल आणि चढउतार सोसण्याची तयारी असेल, तर ही रक्कम म्युच्युअल फंडात घालण्याचा मार्ग आहे. तेथे लाभ अधिक मिळण्याची शक्यता असते, हमी नसते. गृहकर्जातील बचत हमीची. पण भरलेले पैसे गरजेला सहज परत मिळत नाहीत. म्हणूनच गंगाजळी आधी आणि कर्जफेड नंतर.

थोडा आनंदही हवा

सर्व रक्कम कर्तव्यात घालवण्याचा निश्चय बहुधा टिकत नाही. लहानसा हिस्सा मनाजोगत्या खर्चासाठी आधीच बाजूला काढला, तर उरलेल्याला हात लागत नाही. उदाहरणातील कुटुंब ४१ हजार २०० पैकी १८ हजार कार्डासाठी, १५ हजार संकटकाळच्या निधीसाठी, पाच हजार आई-वडिलांच्या विम्याच्या हप्त्याकडे आणि उरलेले ३ हजार २०० रुपये गणपतीच्या खर्चासाठी ठेवू शकते. गृहकर्जाच्या वाट्याला यंदा काहीच येणार नाही आणि ते योग्यच आहे.

खरा निर्णय मात्र पुढील एप्रिलमध्ये घ्यायचा आहे. परतावा म्हणजे सक्तीची बचत, असे मानणारा वर्ग मोठा आहे. ज्यांच्या हाती पैसा टिकत नाही, त्यांच्यापुरते त्यात तथ्यही आहे. पण ४० हजारांचा परतावा म्हणजे दरमहा ३ हजार ३३३ रुपये. जून महिन्यात शाळेची फी भरताना आधीच्या महिन्यांचे हे पैसे हाती असते, तर कार्डाचा बराचसा भार टळला असता. वर्षारंभी दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडून योग्य ती कंपनीला कळवणे, गुंतवणुकीचे व भाड्याचे पुरावे वेळेत देणे, कर लागू नसलेल्या ज्येष्ठांनी बँकेत तसे घोषणापत्र वर्षाच्या सुरुवातीसच देणे, एवढे केले तरी कपात आटोक्यात राहते. त्या ३ हजार ३३३ रुपयांची दरमहा आवर्ती ठेव सुरू केली, तर बचतही होते आणि व्याज पहिल्या महिन्यापासून मिळते. मग श्रावणात वाट पाहायची ती केवळ गणपतीची.