वऱ्हाडातला मे महिना आणि प्रोसेसरचा कूलर

परतवाड्यात ‘कूलर’ म्हटलं की खिडकीत बसवलेला पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा, संध्याकाळी बादलीने पाणी भरायला लावणारा कूलरच आठवतो. आज आपण बोलणार आहोत ते दुसऱ्या कूलरबद्दल, संगणकाच्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरच्या डोक्यावर बसणाऱ्या. पण या दोघांतला फरक एकदा कळला की अर्धा विषय तिथेच संपतो आणि पैसेही वाचतात.

खिडकीतला कूलर पाण्याची वाफ करतो, आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतून घेतो. बाहेर ४४ अंश आणि हवा कोरडी असेल, तर आत येणारी हवा ३० अंशांच्या आसपासही असू शकते. प्रोसेसरचा कूलर असं काही करत नाही. तो प्रोसेसरची उष्णता धातूच्या पातळ पात्यांवर पसरवतो आणि पंख्याने खोलीतल्या हवेत ढकलतो. म्हणजे कितीही महाग घेतला तरी तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ‘पाण्याचा’ म्हणून जो विकतात त्याच्यातलं पाणी बंद नळीत फिरतं आणि शेवटी उष्णता त्याच खोलीत सोडतं. आपल्याकडच्या माणसाला हे नाव हमखास फसवतं.

म्हणून आम्ही सगळ्यांना आधी एक वजाबाकी करायला सांगतो. ‘कोअर टेम्प’सारखा फुकट मिळणारा प्रोग्राम टाका, नेहमीचं जड काम वीस मिनिटं चालवा आणि प्रोसेसरचं तापमान लिहा. त्यातून खोलीचं तापमान वजा करा. उरतो तो आकडा तुमच्या कूलरचा. समजा जानेवारीत खोली २२ आणि प्रोसेसर ६७ होता, म्हणजे फरक ४५. मे महिन्यात खोली ४१ आणि प्रोसेसर ८६ झाला, तरी फरक ४५च. कूलर ठीक आहे, ऋतू बदललाय! पण तोच फरक ५५ वर गेला असेल, तर कूलरकडे बघायला हवं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक पोरगा मशीन घेऊन आला. घरूनच लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन करतो. ऐन लग्नसराईत दुपारी मशीन रांगायला लागलं, गिऱ्हाईक दारात उभं. म्हणाला, “सर, दुकानात पाण्याचा कूलर घ्याले सांगतलं, पाच हजाराचा. घेऊ का?” त्याच्यासाठी पाच हजार म्हणजे बऱ्याच पत्रिकांची कमाई. प्रोसेसर इंटेलचा आय-फाइव्ह १२४००, कूलर डब्यातलाच. खोली ४१ अंश आणि प्रोसेसर थेट १०० ला टेकलेला. ही त्या प्रोसेसरची मर्यादा. तिथे पोचला की तो जळत नाही, स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवतो. पोराला जे ‘मशीन म्हातारं झालं’ असं वाटत होतं ते हेच.

उघडून पाहिलं तर पंख्याखाली धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा अक्षरशः नमदा बसलेला. आपल्या भागात हे नवीन नाही. शिवाय कूलरच्या चार प्लास्टिक खिळ्यांपैकी एक वर आलेला, त्यामुळे एक बाजू प्रोसेसरवर नीट टेकतच नव्हती. साफ केलं, जुनी पेस्ट पुसली, मटारच्या दाण्याएवढी नवी लावली, खिळे टक्क आवाज येईपर्यंत दाबले. त्याच खोलीत, त्याच कामाला ८२ अंश. खर्च एका पेस्टच्या नळीचा, अडीचशे रुपये.

तरीही भागलं नाही तर पुढचा उपायही फुकटच आहे. या १२४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण थोड्या वेळासाठी तो ११७ वॅटपर्यंत जातो, आणि काही मदरबोर्ड त्याला तसंच धावू देतात. बायोसमध्ये ही मर्यादा ६५ वर आणून ठेवा. वेग थोडा कमी होईल, उष्णता बरीच कमी होईल. उन्हाळ्याचे तीन महिने हे सोसायला हरकत नाही.

आता खरंच विकत घ्यायचाच असेल तर? एएमडीच्या रायझन ५ ५६०० सारख्या प्रोसेसरसोबत डब्यात कूलर येतो, तो आधी वापरून वजाबाकी करा. इंटेलच्या नावात शेवटी ‘के’ असेल तर सहसा कूलर येत नाही, तिथे घ्यावाच लागतो. दोन हजारांच्या आसपास १२० मिलिमीटर पंख्याचा, तांब्याच्या चार नळ्यांचा उभा टॉवर मिळतो. आमच्या मते घरच्या कामाला तो पुरे. त्या नळ्यांत थोडं पाणी असतं. खाली वाफ होते, वर पात्यांपाशी पुन्हा पाणी होऊन खाली येतं. म्हणजे माठाचाच नातेवाईक, फक्त तोंड बंद केलेला. रंगीत दिव्यांचे पैसे देऊ नका, दिव्याने गरमच होतं.

घेण्याआधी दोन मापं बघाच. एक, कूलरची उंची कॅबिनेटमध्ये बसते का. स्वस्त, अरुंद कॅबिनेटचं झाकण लागत नाही आणि मग पोरं ते उघडंच ठेवतात, धूळ खायला. दुसरं, सॉकेट. इंटेलच्या एलजीए १७०० ची भोकं ७८ मिलिमीटर अंतरावर आहेत, आधीच्या १२०० ची ७५ वर. जुना कूलर कुणी फुकट दिला तरी त्याची पट्टी बसेलच असं नाही. एएम-४ चे बरेचसे कूलर मात्र एएम-५ वर चालतात. आणि हो, बसवताना तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढा. हसू नका, आम्ही ते तसंच ठेवून चालवलेली दोन मशीनं पाहिली आहेत.

राहिला खिडकीतला कूलर. तो चालू असेल तर खोली जितकी उतरते साधारण तितकाच प्रोसेसरही उतरतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पण मशीन झोताच्या समोर ठेवू नका. पाण्याचे बारीक थेंब येतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डवर पांढरे बसतात. झोतापासून दोन-तीन हात बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. डब्यातला जुना कूलर मात्र टाकू नका. नव्याचा पंखा बंद पडला तर दुसरा अमरावतीहून येईपर्यंत तोच कामाला येतो.