वीज गेली तरी टिकणारी अक्षरे

भ्रमणध्वनीचा पडदा वीज असेपर्यंतच बोलतो. ‘इलेक्ट्रॉनिक शाई’च्या पडद्यावर मात्र एकदा उमटलेला मजकूर वीजपुरवठा तोडल्यानंतरही छापील कागदाप्रमाणे कायम राहतो. अशा पडद्याला छोटा संगणक जोडून दिनदर्शिका, पावसाचा अंदाज किंवा एस.टी.च्या वेळा दाखविणारा फलक घरच्या घरी तयार करता येतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जोसेफ जेकबसन व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही शाई विकसित केली. १९९७ मध्ये तिच्या उत्पादनासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. केसाच्या जाडीइतक्या सूक्ष्म कुप्यांत स्वच्छ द्रव असतो व त्यात पांढरे आणि काळे कण तरंगतात. त्यांच्यावरील विद्युतभार परस्परविरोधी असल्याने, विद्युतदाब देताच एका रंगाचे कण वर येतात व दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. दाब काढला तरी कण जागचे हलत नाहीत. पडदा स्वतः प्रकाश देत नसल्यामुळे भर उन्हातही तो स्पष्ट वाचता येतो.

संगणक म्हणून ‘रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू’ हा ब्रिटिश बनावटीचा, जेमतेम साडेसहा सेंटिमीटर लांबीचा फलक पुरेसा आहे. पडदा साधारणतः आठ तारांनी जोडला जातो. या संगणकाच्या संकेत-पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांवर ५ व्होल्ट आल्यास त्या निकामी होऊ शकतात.

खरी अडचण पुढेच आहे. वीज खातो तो पडदा नव्हे, संगणक! काहीही काम करीत नसतानाही तो सुमारे अर्धा वॅट घेतो. म्हणजे दिवसाला १२ वॅट-तास. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे ३७ वॅट-तास साठतात. ती तीन दिवसांत संपते. म्हणूनच घड्याळाचा स्वतंत्र मंडलफलक बसवून, तासातून एकदा मिनिटभर संगणक चालू करावा व नंतर त्याचा पुरवठाच तोडावा. नुसता ‘बंद’ केलेला संगणकही थोडी वीज घेतच राहतो. हिशेबाने चालू वेळ दिवसाला २४ मिनिटांवर येते व तीच बॅटरी काही आठवडे सहज पुरते.

मराठी मजकुरासाठी आणखी एक दक्षता आवश्यक आहे. पायथन भाषेतील ‘पिलो’ या चित्रसंचाला ‘राक्म’ या अक्षरजुळणीच्या संचाची जोड नसेल, तर जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. फलक इंग्रजीत अचूक चालतो, मराठीत बिघडतो, याचे कारण बहुधा हेच असते.

जुन्या मजकुराची पुसट छाया राहू नये म्हणून पडदा अधूनमधून पूर्णपणे काळा-पांढरा करून घ्यावा. त्यावेळी तो काही सेकंद लुकलुकतो, तो बिघाड नव्हे. चित्र उमटताच मात्र पडद्याला ‘निद्रा’ आज्ञा द्यावी. तसे न केल्यास त्यावरील उच्च दाब तसाच राहतो आणि पडदा कायमचा खराब होऊ शकतो.