एका मोकळ्या टर्नसाठी

पोकेमॉनच्या लढतींचा विषय निघाला की चरिझार्डचं नाव येतं, मग म्यूटू, मग गॅरडॉस. ब्लिसीचं नाव कुणी घेत नाही. गुलाबी, गोलमटोल, पोटाच्या पिशवीत अंडं बाळगणारी ही नर्ससारखी पोकेमॉन हल्ल्यात जवळजवळ निरुपयोगी आहे. तरीही 1999 पासून आजपर्यंत स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाला, आपल्या टीममध्ये ती असो वा नसो, एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं लागलं आहे: समोर ब्लिसी आली तर काय?

आमचं आळंद कलबुर्गी जिल्ह्याच्या टोकाला, पलीकडे अक्कलकोट आणि उमरगा. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि टीव्हीवर हिंदी, अशा आमच्या भागात पोकेमॉन आलं ते हिंदीत बोलणाऱ्या कार्टूनमधून. मूळ खेळ चालणारं निन्टेंडोचं यंत्र इथल्या घरांत क्वचितच. 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ‘पोकेमॉन शोडाउन’ हा ब्राउझरमधला फुकट खेळ साध्या मोबाइलवरही उघडू लागला. तिथे पोकेमॉन पकडायची, वाढवायची गरज नसते. सहा जणांची टीम मांडायची आणि थेट लढायचं. दर टर्नला दोघंही एकमेकांपासून लपवून निर्णय घेतात: हल्ला करायचा, की मैदानातला पोकेमॉन मागे घेऊन दुसरा पुढे आणायचा, म्हणजे स्विच करायचा. बुद्धिबळासारखं आळीपाळीनं नाही, दोघांचं एकाच वेळी. म्हणून समोरचा काय करणार हे ओळखणं हाच निम्मा खेळ.

कार्टून पाहून आलेला नवा खेळाडू सहाही जण हल्लेखोर घेतो आणि ब्लिसी दिसली की वैतागतो. बचावाचा खेळ भित्र्यांचा, असं मग सर्रास बोललं जातं. मला ते अजिबात मान्य नाही. बचाव करणाऱ्याला दोन-तीन टर्न पुढचं दिसावं लागतं, आणि एक चुकीचा स्विच त्याची तासाभराची मेहनत धुळीला मिळवतो.

सुरुवात 1996 ची, जपानमधल्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या पहिल्या पिढीच्या खेळांची. तेव्हा ब्लिसी नव्हती, तिचं लहान रूप चॅन्सी होतं. मूळ एचपी, म्हणजे जीव, 250, पण साध्या, शारीरिक माराविरुद्धचा डिफेन्स फक्त 5. त्या पिढीत ‘स्पेशल’ हा एकच आकडा हल्ला आणि बचाव दोन्हींसाठी चाले. त्यामुळे 105 स्पेशलची चॅन्सी पाणी, वीज, बर्फ असे स्पेशल हल्ले सहज झेलायची आणि तेवढ्याच ताकदीनं परतही करायची. जखम झाली की सॉफ्टबॉइल्ड या मूव्हनं अर्धा जीव परत. तिला संपवायचं तर स्नॉरलॅक्ससारख्या दांडग्यानं अंगावर तरी पडायचं, नाहीतर कुणीतरी एक्स्प्लोजन करून स्वतःसकट तिला घेऊन जायचं.

1999 च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’नं बचावाचा खरा पाया घातला. स्पेशलचे दोन तुकडे झाले, पोकेमॉनच्या आग, पाणी अशा टाइपांत स्टीलची भर पडली, हातात वस्तू धरता येऊ लागल्या. त्यातली लेफ्टओव्हर्स ही वस्तू दर टर्नला एचपीचा सोळावा भाग भरून काढते. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण चाळीस टर्नच्या लढतीत तोच फरक निकाल ठरवतो. याच पिढीत ब्लिसी आली, 255 एचपी घेऊन, आणि स्कारमरीही आली. पोलादी पंखांचा हा पक्षी 140 डिफेन्सचा, जमिनीचा आणि विषाचा मार त्याला लागतच नाही.

या दोघांची जोडी खऱ्या अर्थानं जुळली ती 2002 च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये. कारण समजून घेण्यासारखं आहे. तेव्हा हल्ला शारीरिक की स्पेशल हे त्याच्या टाइपवरून ठरत असे. स्कारमरीच्या दोनच दुखऱ्या जागा, आग आणि वीज, आणि ते दोन्ही टाइप पूर्णपणे स्पेशल. म्हणजे स्कारमरीला जे मारणार ते ब्लिसी गिळणार. उलट ब्लिसीला कुस्तीगिरासारखे ठोसे घालणारा आला की स्कारमरी पुढे. मध्ये जो मोकळा टर्न मिळे त्यात स्कारमरी समोरच्याच्या बाजूला स्पाइक्स, म्हणजे काटे, पसरे. तीन थर पडले की जमिनीवर पाय ठेवणारा प्रत्येक नवा पोकेमॉन पाव एचपी गमावूनच आत येई, आणि व्हर्लविंड किंवा रोरनं समोरच्याला पुन्हा पुन्हा बदलायला भाग पाडलं जाई. हल्ला न करता समोरची टीम झिजवायची ही पद्धत जगभर ‘स्कार्मब्लिस’ म्हणून ओळखली गेली.

आमच्या भागातून नळदुर्ग फार लांब नाही. त्या किल्ल्याचा तट मोठा आहे, पण मला त्याचं वैभव वाटतं ते बोरी नदीवर घातलेला बांध आणि आत अडवलेलं पाणी. तटावर मारा सुरू असताना आत पाणी असेल तर तट टिकतो. ब्लिसीचे 255 एचपी हा तट. सॉफ्टबॉइल्ड, लेफ्टओव्हर्स, आणि मैदान सोडताच विषबाधा उतरवणारी तिची नॅचरल क्युअर ही क्षमता, हे तिचं पाणी. पुढच्या वीस वर्षांत खेळ बनवणाऱ्यांनी आणि खेळणाऱ्यांनी वार केले ते याच पाण्यावर.

पहिला वार ‘रुबी’-‘सफायर’च्याच पिढीत झाला. मॅग्नेटनची मॅग्नेट पुल ही क्षमता स्टीलवाल्याला पळूच देत नाही आणि एरीना ट्रॅपवाला डगट्रिओ ब्लिसीला मैदानात अडकवून भूकंप करतो. स्विच करायची मुभाच काढून घेतली की जोडी मोडली. मग 2006 च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’नं मुळावरच घाव घातला. आता प्रत्येक मूव्ह स्वतंत्रपणे शारीरिक किंवा स्पेशल ठरू लागली. आगीचा ठोसा शारीरिक झाला. एकाच अंगात दोन्ही प्रकारचे हल्ले बाळगणारा इन्फर्नेप स्कारमरीला जाळू लागला आणि ब्लिसीला ठोसे लगावू लागला. शिवाय स्टेल्थ रॉक आले. एका टर्नमध्ये मांडता येणारे हे दगड उडणाऱ्यांनाही सोडत नाहीत. स्पाइक्सवरून निवांत उडणारी स्कारमरी आता प्रत्येक वेळी आत येताना आठवा भाग एचपी मोजू लागली.

2010 ची ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ ही दुधारी पिढी. सायशॉक ही मूव्ह स्पेशल असूनही मार मोजते तो शारीरिक डिफेन्सवर, म्हणजे नेमकी ब्लिसीच्या 10 डिफेन्सवर. त्याच पिढीनं हातात धरायचं इव्हिओलाइट दिलं. अजून पूर्ण न वाढलेल्या पोकेमॉनचे दोन्ही बचाव ते दीडपट करतं. त्यामुळे धाकटी चॅन्सी थोरल्या ब्लिसीपेक्षा चिवट झाली. रीजनरेटर ही क्षमताही तेव्हाचीच. मैदान सोडलं की एक तृतीयांश एचपी परत, म्हणजे स्विच हाच दवापाणी. 2013 मध्ये नॉक ऑफ या मूव्हचा जोर 20 वरून 65 वर गेला, हातातली वस्तू उडवताना दीडपट, आणि इव्हिओलाइट हरवलेली चॅन्सी उघडी पडू लागली.

बचाव फक्त लांबण लावण्यासाठी असतो असं मानणाऱ्यांनी 2014 ची वॉशिंग्टनची जागतिक स्पर्धा जरूर पाहावी. तिथले सामने दोन-दोनच्या जोडीनं होतात, लढती झटपट. दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कनं पाचिरिसु नावाची चिमुकली खार घेतली. तिच्या फॉलो मी या मूव्हमुळे समोरचे हल्ले गॅरडॉसऐवजी तिच्याकडे वळत. गॅरडॉसला चौपट लागणारी वीज तिच्या अंगावर पडली की व्होल्ट अब्जॉर्बमुळे तिचं आरोग्य उलट वाढे. पार्क जगज्जेता झाला. बचाव म्हणजे साथीदाराला मोकळा टर्न मिळवून देणं, याचं याहून स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पुढची वर्षं भराभर सरली. 2016 मध्ये 152 आणि 142 असे दोन्ही बचाव तगडे असलेला टॉक्सापेक्स रीजनरेटरसह आला आणि कित्येक टीमांना त्याच्यातून वाटच सापडेना. 2019 मध्ये हेवी-ड्यूटी बूट्स आले, जे घातले की खाली पसरलेलं काही लागत नाही. त्याच पिढीत टेलिपोर्ट ही जुनी, टाकाऊ मूव्ह कामाची ठरली. ब्लिसी हल्ला झेलायची, टर्नच्या शेवटी निघून जायची आणि तिचा साथीदार एकही फटका न खाता मैदानात उतरायचा. मला तिची सर्वांत देखणी कामगिरी हीच वाटते.

2022 च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’नं मात्र पाणीच तोडलं. सॉफ्टबॉइल्ड, रिकव्हर, रूस्ट या मूव्ह आधीच्या पिढीत एका लढतीत जास्तीत जास्त 16 वेळा वापरता येत, आता 8 वेळा. हळूहळू वाढत जाणारं टॉक्सिकचं विष मोजक्याच जातींपुरतं उरलं. वर टेरास्टलायझेशन आलं. भर लढतीत एकदा टाइपच बदलता येतो, त्यामुळे ज्याला अडवायला ब्लिसी आत आली तो क्षणात दुसराच होतो. लढती अती लांबू नयेत हा हेतू मला समजतो, पण कात्री गरजेपेक्षा जास्त चालवली असं माझं स्पष्ट मत आहे. हल्लेखोरांना दर पिढीत नवं हत्यार मिळालं. बचाव करणाऱ्याला जे मिळालं त्यातलं बरंचसं पुढच्या पिढीत परत काढून घेतलं गेलं. तरीही बचाव संपला नाही. गार्गानॅकल सॉल्ट क्युअर लावून समोरच्याला दर टर्नला झिजवतो आणि स्वतः रिकव्हर करत बसतो. पद्धत तीच, गडी नवा.

फेब्रुवारी 2025 मध्ये ‘पोकेमॉन चॅम्पियन्स’ची घोषणा झाली. फक्त लढतींसाठीचा हा खेळ मोबाइलसाठीही जाहीर झाला आहे, म्हणजे यंत्र विकत न घेता अधिकृत लढतीत उतरायची सोय आळंदच्या पोरांनाही होईल. माझं त्यांना एकच सांगणं आहे: पहिली टीम बांधताना सहाही जागा हल्लेखोरांना देऊ नका. एक जागा मार झेलणाऱ्याला द्या, आणि पहिल्या वीस-पंचवीस लढती फक्त तो केव्हा आत आणायचा आणि केव्हा बाहेर काढायचा एवढंच शिकण्यासाठी खेळा. हराल बऱ्याच, पण समोरच्याच्या मनात काय आहे ते दिसायला लागेल.