बूस्टर सोडा, ब्रेक बघा!

इम्युनिटी हा सध्या आपल्या सगळ्यांचा लाडका विषय. ऑफिसच्या पॅन्ट्रीत कुणी गुळवेलीचा काढा थर्मासमध्ये घेऊन येतं, कुणी पाण्यात फसफसणारी गोळी टाकतं. फंडा एकच, इम्युनिटी जितकी जास्त तितकी भारी!

अशातच माझ्या एका मैत्रिणीच्या बाबांना लंग कॅन्सर झाला. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली. नुसतं नाव ऐकूनच नातेवाइकांनी घरात बूस्टर पावडरींचे डबे आणून ठेवले. डॉक्टरांनी मात्र काकांना भलतंच विचारलं, ‘रूमेटॉइड आर्थ्रायटिस आहे का? सोरायसिस? थायरॉइडचा काही त्रास?’ कॅन्सरच्या डॉक्टरांना सोरायसिसशी काय घेणं-देणं? याच प्रश्नामागे लागले आणि इम्युनिटीची खरी स्टोरी हाती आली.

वॉचमन आणि सेक्रेटरी

आपल्या रक्तात टी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. सोसायटीच्या वॉचमनसारख्या त्या अंगभर गस्त घालतात. व्हायरस शिरलेली पेशी दिसो किंवा कॅन्सरच्या वाटेला लागलेली, तिचा त्या खातमा करतात. पण वॉचमन जरा जास्तच कडक निघाला तर? मग तो रहिवाशांनाच बदडायला लागतो. रूमेटॉइड आर्थ्रायटिस, सोरायसिस, टाइप-१ डायबेटिस हे सगळे याच गडबडीतून होणारे आजार.

म्हणून शरीरानं बंदोबस्त करून ठेवलाय. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे टी-सेल्सचं ट्रेनिंग होतं आणि आपल्याच पेशींवर उठणाऱ्या बाद होतात. तरीही काही निसटतातच. त्यांना बाहेर कोण आवरतं? याचं उत्तर जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दिलं. टी-सेल्समध्येच एक वेगळी जमात असते, रेग्युलेटरी टी-सेल्स. सोसायटीचे सेक्रेटरीच म्हणा ना, ‘सोड रे, आपलाच माणूस आहे’ असं वॉचमनला सांगणारे. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ हा जीन शोधला. तो बिघडला की शरीर स्वतःवरच तुटून पडतं. हा जीनच या सेक्रेटरी मंडळींना घडवतो, हे नंतर लक्षात आलं. या तिघांना २०२५चं मेडिसिनचं नोबेल मिळालं.

कॅन्सरची चलाखी

आता कॅन्सर किती बिलंदर बघा. अनेक प्रकारच्या गाठींमध्ये या रेग्युलेटरी टी-सेल्स मोठ्या संख्येनं जमलेल्या असतात. वर कित्येक कॅन्सर पेशी अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रोटीन मिरवतात. टी-सेलवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो, तो या प्रोटीनमुळे दाबला जातो. चोर समोर, वॉचमनही समोर, आणि वॉचमन ढिम्म! थोडक्यात काय, इथे प्रॉब्लेम इम्युनिटी ‘कमी’ असण्याचा नाही, तिचा ब्रेक दाबलेला असण्याचा आहे. आणि तो ब्रेक पावडरीनं सुटत नाही.

हा ब्रेकच सोडवायचा, ही आयडिया अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांच्या संशोधनातून आली. होंजोंच्या लॅबनं पीडी-१ शोधला, तर ॲलिसन यांनी सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर काम केलं. (हे ॲलिसन एका बॅण्डमध्ये हार्मोनिकाही वाजवतात. बॅण्डचं नाव? चेकपॉइंट्स!) ॲलिसन यांच्या कामातून आलेल्या इपिलिमुमॅबला २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०१८ मध्ये दोघांना नोबेल.

सगळ्यात गाजलेला पेशंट म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर. २०१५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्यांचा मेलॅनोमा लिव्हर आणि मेंदूपर्यंत पोचला होता. सर्जरी, रेडिएशन आणि पीडी-१चा ब्रेक सोडवणारं पेम्ब्रोलिझुमॅब, अशी ट्रीटमेंट झाली. त्याच डिसेंबरात स्कॅन क्लीन आला. कार्टर गेले ते २०२४ मध्ये, शंभरी पूर्ण करून.

फुकट काहीच नसतं

प्रत्येकाचा कार्टर होत नाही. बऱ्याच पेशंट्सवर ही औषधं चालतच नाहीत. आणि चालली तरी, ब्रेक सोडला की गाडी कुठेही सुसाट सुटू शकते. त्वचा, आतडी, फुप्फुसं, थायरॉइड, टी-सेल्स कशावरही हल्ला करू शकतात. डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर हेच. काकांचा थायरॉइड मंदावलाच, आता रोज सकाळी एक गोळी.

दुसरा प्रश्न पैशांचा. महिन्याचा खर्च लाखांत गेला की मध्यमवर्गीय घर हादरतं. म्हणूनच परळच्या टाटा मेमोरियलचा प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तोंडाच्या आणि घशाच्या बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंट्सवर तो झाला. निम्म्यांना स्वस्तातल्या गोळ्यांची केमोथेरपी, निम्म्यांना तीच अधिक निव्होलुमॅब, तेही दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. एरवीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४०! तरीही वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त हे छापून आलं. तंबाखूनं पोखरलेल्या आपल्या देशात हा आकडा छोटा नाही.

तुमच्या घरात कुणाला इम्युनोथेरपी सुरू होणार असेल तर तीन गोष्टी करा. एक, ऑटोइम्यून आजाराची हिस्टरी लपवू नका. दोन, जुलाब, धाप, पुरळ असं काहीही वाटलं तर ‘होईल बरं’ म्हणत न थांबता लगेच डॉक्टरांना फोन करा. वेळेत कळलं तर स्टेरॉइड्सनं बहुतेकदा आवरता येतं. आणि तीन, मावशींनी प्रेमानं पाठवलेली पावडर असो की शेजारच्या काकूंचा काढा, डबा उघडायच्या आधी तो डॉक्टरांना दाखवा.